टेप, खडू आणि आण्णांची विहीर

पाणाड्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ बांधापाशी आल्यावर हळूहळू उभा राहिला आणि आण्णांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत, नुसतं बघितलं, लग्नाच्या पंगतीत दहावी नापास पोराकडे पाहुणे बघतात ना, तसं. मी तेव्हा भूजलावर पीएचडी करत होते, तिसरं वर्ष चालू होतं. आदल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "एवढं शिकलीस, आता सांग बोअर कुठं मारू?" आणि मी त्यांना वीसेक मिनिटं काहीतरी सांगितलं होतं, ज्यात "शक्यता आहे", "साधारणपणे", "अजून डेटा लागेल" असले शब्द भरपूर होते आणि खुणेचा दगड एकही नव्हता. पाणाड्याने अर्ध्या तासात दगड मांडला, त्याला हळद-कुंकू लावलं, ५०१ रुपये घेतले आणि चहा पिऊन गेला.

दोन दिवसांनी बोअरची गाडी आली. १८० फुटांवर पाणी लागलं, दोन इंची. पांढरी धूळ उडता उडता एकदम चिखल उडायला लागला आणि पोरं ओरडली. काकूने पेढे वाटले, त्यातला एक मलाही दिला, आणि तो मी खाल्ला, काय करणार.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, पूर्वेकडच्या जिरायत भागात, कऱ्हेच्या पलीकडे. नाव सांगत नाही, का ते पुढे येईल. पुरंदर म्हटलं की लोकांना किल्ला, धुकं, धबधबे आठवतात, ते सगळं पश्चिमेला. ढग किल्ल्यापर्यंत भरून येतात, तिकडे रिकामे होतात आणि आमच्याकडे येतो तो नुसता वारा. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरायचा, तोही पडला तर, नाहीतर परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसायचं. सीताफळ, अंजीर, थोडा वाटाणा, ज्वारी-बाजरी. आण्णा म्हणजे माझे मोठे चुलते, वडील नोकरीसाठी पुण्याला आले आणि आण्णा शेतात राहिले, त्यामुळे माझी पीएचडी ही त्यांच्या दृष्टीने घरातल्या पाण्यावर झालेला खर्च होती आणि तो वसूल व्हायला हवा होता.

माझं काम नक्की काय हे घरी मला कधीच नीट सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर दर पंधरा दिवसांनी स्कूटीवरून आजूबाजूच्या ४२ विहिरींवर जायचं आणि पाणी किती खाली आहे ते मोजायचं, एवढंच. स्टीलच्या टेपच्या खालच्या दोन-तीन फुटांना शाळेतला निळा खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, कठड्यावर ऑइलपेंटने केलेल्या खुणेशी एक पूर्ण आकडा धरायचा, मग वर ओढून जिथपर्यंत खडू भिजून गडद झालाय तो आकडा पहिल्यातून वजा करायचा. झाली पातळी. वहीत तारीख, वेळ, मोटर चालू होती का बंद. आता बीप वाजणारे मीटर मिळतात, माझ्याकडे पण आहे एक, पण बोअरच्या ओल्या पाइपला टेकलं तरी ते बीप करतं, म्हणून अजूनही शंका आली की मी खडूच काढते. विहिरीवर धुणं धुणाऱ्या एका म्हातारीने मला दोन महिने बघितलं आणि मग विचारलं, "मोजून पाणी वाढतं व्हय गं?" थीसिसच्या व्हायव्हाला पण इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नाही.

एप्रिलमध्ये विहिरी कोरड्या पडल्या की मी आत उतरायचे. हे मला सगळ्यात आवडायचं. वरून पायऱ्या असतील तिथपर्यंत पायऱ्या, पुढे दोर. भूशास्त्राचं पुस्तक उभं कापून ठेवल्यासारखं सगळं समोर दिसतं. वर हातभर माती, मग पिवळट मुरूम, त्याखाली कुजलेला खडक जो कुदळीने निघतो, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक बारीक भोकांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, आणि मग कातळ, काळा, टणक, ज्याला सुरुंगाशिवाय कोणी हलवू शकत नाही. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा लाल पट्टा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरत गेला, एक थर थंड झाला, त्याच्यावर पुढचा आला, असं किती वेळा झालं त्याचे हे थर. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच खडकावर बसलाय. पाणी कुठे असतं तर वरच्या कुजलेल्या भागात, मांजऱ्यात, आणि कातळाच्या भेगांमध्ये. खाली खाली जाल तशा भेगा मिटत जातात.

आमच्याकडे सगळे "झरा" म्हणतात. झरा फुटला, झरा बुजला, शेजाऱ्याने बोअर मारला आणि माझा झरा तोडला. डोक्यात चित्र असतं की जमिनीखालून नदी वाहतेय आणि आपण नेमका तिच्यावर खड्डा घेतला की काम झालं. मी पण लहानपणी हेच समजायचे. प्रत्यक्षात खडकाचा पूर्ण भिजलेला थरच्या थर असतो, तो गावभर पसरलेला असतो आणि विहीर म्हणजे त्याला पाडलेलं एक भोक. म्हणूनच पाणाड्या बहुतेक वेळा चुकत नाही. पावसाळ्यानंतर त्या थरात कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. वराहमिहिराने दीड हजार वर्षांपूर्वी कुठल्या झाडाच्या कोणत्या बाजूला, वारुळापासून किती अंतरावर पाणी लागेल त्याची यादीच देऊन ठेवलीय, आणि त्यातल्या काही खुणा, म्हणजे ओल धरणारी झाडं वगैरे, आजही अगदीच टाकाऊ नाहीत. पाणी कुठे आहे हा प्रश्न माणसाने फार जुन्या काळापासून विचारलाय आणि त्याची उत्तरं देणारे पण तितकेच जुने आहेत.

माझ्या शास्त्राकडे उत्तर आहे ते दुसऱ्याच प्रश्नाचं. किती आहे?

आणि ते उत्तर इतकं कमी आहे की सांगताना लाज वाटते. आमच्या खडकाच्या शंभर घागरींच्या आकाराच्या तुकड्यातून एक ते तीन घागरी पाणी सुटून बाहेर येतं, बस. गंगा-यमुनेच्या गाळात हेच दहा-पंधरा घागरी येईल. म्हणजे एक एकर जमिनीखालची पातळी पूर्ण एक मीटर खाली गेली तर हाती किती लागलं, तर दोन टक्क्यांच्या हिशोबाने ८० हजार लिटर. पाच एचपीची मोटर ते तीन तासांत बाहेर काढते. तीन तास! रात्री लाईट आली आणि माणूस दारं धरायला गेला की तेवढा वेळ कळत पण नाही.

मुरण्याचं गणित पण तसंच. एका एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २० लाख लिटर पाणी, ऐकायला केवढं वाटतं. पण आमच्या खडकात त्यातलं मुरतं किती, खडक कसा आहे त्यावर, ढोबळ ७ ते १३ टक्के. मध्यम १० धरा. दोन लाख लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, टीव्हीवर दिवसभर तेच. म्हणजे आमच्या भागात अडीच एकर रान एका पावसाळ्यात जेवढं मुरवतं तेवढं पाणी होतं ते. आणि पाटाने पाणी दिलेला ऊस वर्षभरात एकराला ८० लाख लिटरच्या आसपास पितो. करा भागाकार. चाळीस एकरांत मुरलेलं पाणी एका एकर उसाला, आणि उरलेल्या एकोणचाळीस एकरवाल्यांनी बघत बसायचं. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं शून्य चुकलंय कुठेतरी. तीनदा केला.

ह्या शास्त्राचा जन्म पण पाणीपुरवठ्याच्या कटकटीतूनच झालाय. फ्रान्समध्ये दिजाँ नावाचं शहर आहे, तिथला इंजिनिअर आंरी दार्सी, त्याने शहराला पाणी आणून दिलं आणि मग आयुष्याच्या शेवटी शेवटी वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून ते किती वेगाने झिरपतं ते मोजत बसला. १८५६ मध्ये छापलं. पातळीतला फरक दुप्पट केला की झिरपण दुप्पट, इतकं साधं, आणि आजही आमचं सगळं त्याच्यावर चालतं. पण मला जवळचा वाटतो तो चार्ल्स थाइस, अमेरिकन, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात काम करणारा. त्याच्या लक्षात आलं की पाणी जमिनीतून विहिरीकडे सरकतं ते साधारण धातूतून उष्णता सरकते तसंच, मग उष्णतेचं तयार गणित उचलता येईल. ते स्वतःला पेलेना म्हणून ल्युबिन नावाच्या गणिताच्या मित्राला पत्र लिहून विचारलं. १९३५ मध्ये त्याचं समीकरण आलं आणि त्यानंतर पहिल्यांदा उपसा चालू असताना पातळी तासातासाला कशी उतरेल ते सांगता यायला लागलं.

पुढे १९४० मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला, त्यात एकच गोष्ट आहे. विहिरीतून काढलेलं पाणी आलं कुठून? जागा तीनच. एकतर जमिनीत मुरणं वाढलं पाहिजे, नाहीतर जमिनीतून ओढ्या-नदीला जाणारा पाझर कमी झाला पाहिजे, नाहीतर साठा घटला पाहिजे. चौथी जागा नाही. हे वाचलं आणि मला आमचा ओढा आठवला. आण्णा सांगतात त्यांच्या लहानपणी ओढा संक्रांतीपर्यंत वाहायचा, पोरं त्यात खेकडे धरायची. आता दिवाळीला कोरडा. गावात सगळे म्हणतात ओढा आटला म्हणून आम्ही विहिरी खणल्या. थाइसचं ऐकाल तर बरीचशी गोष्ट उलटी आहे, ओढा आता वाहतोच, फक्त पाइपातून, आणि आपापल्या शेतात.

दुसऱ्या वर्षी मी आण्णांच्या विहिरीवर टेस्ट घेतली. करायचं काय, तर विहीर उपसून खाली न्यायची, मोटर बंद करायची आणि मग पाणी परत कसं चढतं ते मोजत बसायचं, आधी मिनिटामिनिटाला, मग पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग अर्ध्या तासाने, रात्रभर. त्यावरून खडक पाणी किती जोरात सोडतो ते काढता येतं. फेब्रुवारी महिना, थंडी बऱ्यापैकी. आण्णा गोधडी आणि थर्मास घेऊन येऊन बसले, म्हणाले तू एकटी पोर कुठं बसतेस. प्रत्येक वेळी मी टेप वर ओढला की विचारायचे, "किती?" मी सांगायचे अमुक सेंटिमीटर, ते म्हणायचे, "परसात सांग." परस म्हणजे विहिरीच्या खोलीचं जुनं माप, माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. कुठला माणूस ते विचारायचं नाही. आमच्याकडे आण्णा स्वतःच माप होते, साधारण सात फूट.

रात्री एकपर्यंत पाणी छान चढत होतं, ग्राफ काढला तर रेघ पुस्तकातल्यासारखी येईल असं. मग चढणं मंदावलं. दोन वाजता थांबलं. अडीचला मी टेप काढला तर पाणी आधीच्यापेक्षा दोन बोटं खाली. मी म्हटलं माझंच वाचायला चुकलं, परत सोडला, तेच. पाणी वर येत असलेल्या विहिरीत पाणी खाली जातंय, मोटर बंद असताना. मी बॅटरी मारून काठावरून बघत होते, विहिरीच्या भिंतीला ओली रेघ दिसत होती आणि पाणी तिच्याखाली उतरलं होतं. आण्णा कान देऊन बसले होते. मला आधी ऐकू आलं नाही. मग आलं, बांधापलीकडून बारीक घुंऽऽ असा आवाज. अडीचशे-तीनशे फुटांवर चुलत चुलत्यांची विहीर, त्यांच्याशी बांधावरून आमचं बारा वर्षं बोलणं नाही. लाईट आली होती आणि त्यांच्या ऑटो स्टार्टरने मोटर उचलली होती. ते बहुतेक घरात झोपलेले होते.

"त्याची मोटर," आण्णा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. थर्मासचं झाकण लावत बसले.

माझा चेहरा पडला कारण टेस्ट नासली होती, रात्र फुकट. सकाळी वही बघताना लक्षात आलं की सगळ्या पीएचडीत याच्याइतके बोलके आकडे दुसरे नाहीत. दोन विहिरी, दोन सातबारे, दोन भांडणारी घरं, आणि पाण्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी थीसिसमध्ये त्याला एक सभ्य शब्द वापरला, परस्पर-प्रभाव, दीड पान, एक आकृती. मला वाटलं होतं आण्णांनी हे डोळ्यांनी बघितलंय, आता त्यांना पटेल की पाणी एकाच ताटातलं आहे, मग जपून काढतील. त्यांनी त्यातून काय घेतलं ते मला पुढच्या वर्षी कळलं. तो झोपेत माझं पाणी ओढतो तर मी का मागे राहू. म्हणून बोअर. म्हणून पाणाड्या. नारळ उभा राहायच्या आधी वर्षभर त्या बोअरची सुरुवात झालेली होती, आणि ती माझ्या टेपने केली होती.

बोअरचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. पहिलं वर्ष मस्त. दुसऱ्या उन्हाळ्यात आण्णांची स्वतःची विहीर, आजोबांनी सुरुंग लावून खणलेली, जिला आजवर चैत्रातसुद्धा गुडघाभर पाणी असायचं, ती फाल्गुनातच उघडी पडली. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडापासून आत बसवायचा पाइप, वीसच फूट घातलं होतं, फुटाला पैसे लागतात ना, त्यामुळे वरच्या मांजऱ्यातलं पाणी बोअरमधून सरळ खाली निघून जात होतं आणि मोटर तेच वर काढत होती. एक परात होती, तिला खालून भोक पाडलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर पण तासाभराने हवा ओकायला लागला.

पाणाड्याने जागा दाखवली होती ती बरोबरच होती हो. त्याला "किती" कोणी विचारलंच नव्हतं.

आता गावाचं नाव का सांगत नाही ते. थीसिस झाल्यावर मला वाटलं, ज्यांच्या विहिरींवर तीन वर्षं चहा पिलाय त्यांना काहीतरी परत द्यावं. म्हणून मी मराठीत एक नकाशा केला, मोठ्ठा, फ्लेक्सवर छापून घेतला. ओढे, विहिरी, खडकाचे थर, आणि रंग. लाल म्हणजे खडकात साठवण जवळजवळ नाही, पिवळा म्हणजे बरी, हिरवा म्हणजे चांगली, इथे पाणी उन्हाळ्यात सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं. हिरवा पट्टा छोटासाच होता, ओढ्याच्या वळणावर, आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्यातच. मला सांगायचं होतं की हा एवढासाच भाग आहे, ह्याला हात लावू नका, हे गावाचं राखीव आहे. मंदिरासमोर सभा झाली, मी पाऊण तास बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी नारळ दिला (नारळ माझा पिच्छा सोडत नाहीत). चार-पाच पोरांनी नकाशाचा मोबाईलवर फोटो काढला. मला फार बरं वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये गेले तर हिरव्या पट्ट्यात नवीन बोअर. मी मोजले, अकरा. एका जणाने तर मला थांबवून सांगितलं, "ताई तुमच्या नकाशावर मारला, पाणी लागलं बघा," आणि घरी चला, जेवून जा म्हणाला. मी गेले. पिठलं-भाकरी होती आणि मला घास उतरत नव्हता. मी "किती" सांगायला गेले होते आणि गावाने "कुठे" वाचून घेतलं. दोष त्यांचा म्हणू तरी कसा, रंग मीच दिले होते. मे महिन्यात पिण्याच्या विहिरीवर टँकर ओतायला लागला. कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे. १९९३ च्या कायद्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायला मनाई होती, त्याच्या जागी आलेल्या २००९ च्या कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायचं नाही. पण बोअरची गाडी रात्री येते, सकाळी नसते, आणि गावात कोण कोणाची तक्रार करणार, सगळे एकमेकांचे पाहुणे.

त्यानंतर वर्षभर मी नकाशाला हात लावला नाही. त्याच काळात मी विलासराव साळुंखेंबद्दल पुन्हा वाचायला लागले. पुन्हा म्हणजे आधी वाचलं होतं, पण "समाजकार्य" म्हणून बाजूला ठेवलं होतं, ही एक आमच्या लोकांची वाईट सवय. नायगाव आमच्याच तालुक्यात. साळुंखे पुण्याचे इंजिनिअर, कारखानदार माणूस, १९७२ च्या दुष्काळात पुरंदरमध्ये फिरले, लोक दगड फोडायच्या कामावर रांगेने बसलेले बघितले, आणि मग नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन तिथे पाणी अडवून जिरवून दाखवलं. इथपर्यंत खूप जण येतात. ते पुढे गेले ते पाणीपंचायतीच्या नियमांत. पाणी जमिनीच्या हिशोबाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबाने द्यायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, जास्तीत जास्त अडीच एकर एका कुटुंबाला. भूमिहीनाचा पण पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चाचा वाटा ज्याने त्याने उचलायचा.

मी हे वाचत होते आणि माझ्या डोक्यात तीच रात्र, तीच ओली रेघ. साळुंख्यांकडे माझ्यासारखे ग्राफ नव्हते. पण त्यांनी मोजायच्या आधी वाटणी ठरवली होती, आणि वाटणी ठरलेली असली की मोजणं सगळ्यांनाच हवं असतं, कारण मग तो आकडा आपल्या हिश्शाचा असतो. माझ्याकडे आकडा होता आणि वाटणी नव्हती, मग आकड्याची बातमी झाली, आणि दुष्काळी गावात पाण्याची बातमी लागली की काय होणार. हिवरे बाजारचं पण तेच, लोक तिथली झाडी आणि बंधारे बघून फोटो काढून येतात, पण खरी गोष्ट म्हणजे शेतीच्या सिंचनाला बोअर बंद, ऊस बंद, आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि कमी पडला असेल तर रब्बीत काय लावायचं नाही ते तिथेच ठरवायचं. ताळेबंद हा शब्दच किती चांगला आहे. आम्ही जर्नलमध्ये त्यालाच भलतं अवघड नाव देतो.

आणि आता विषय निघालाच आहे तर प्लास्टिकच्या शेततळ्यांबद्दल बोलू द्या. शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला असतं ना? आमच्याकडे उंचावर खड्डा घेतात, प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि डिसेंबरमध्ये विहीर-बोअरचं पाणी उपसून त्यात भरून ठेवतात, म्हणजे जे पाणी जमिनीखाली सावलीत फुकट साठलेलं होतं ते वीज जाळून उन्हात आणून ठेवायचं आणि अर्धा उन्हाळा त्याची वाफ होताना बघायची. का? तर जमिनीत ठेवलं तर शेजारी ओढेल. वेडेपणा अजिबात नाही हा, ज्याचा त्याचा हिशोब अगदी चोख आहे, म्हणून तर थांबत नाही.

मधे एकदा कॉन्फरन्सला ग्रेस उपग्रहांवर एक भाषण ऐकलं. २००२ मध्ये सोडलेली जोडगोळी, एकमेकांपासून २२० किलोमीटरवर एकामागे एक पळणारी, खाली जमिनीत पाणी कमी-जास्त झालं की गुरुत्वाकर्षण केसाच्याही अंशाने बदलतं, त्यावरून त्यांच्यातलं अंतर बदलतं, ते मोजायचं. २००९ मध्ये त्यावरून एक निबंध आला होता की राजस्थान-पंजाब-हरियाणाच्या पट्ट्यात २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. पृथ्वीचं वजन करून विहिरीची पातळी सांगायची, मला अक्षरशः अंगावर काटा आला होता. चहाच्या वेळी एकाने विचारलं तुमच्या भागात काय दिसतं. मी म्हटलं आमच्याकडे साठाच एवढासा, पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात संपतो, आमचा खडक विसरभोळा आहे, एक चांगला पाऊस झाला की मागचं सगळं विसरतो आणि माणसं पण. आणि त्या उपग्रहांना शेकडो किलोमीटरपेक्षा लहान भाग वेगळा दिसायचा नाही. दोन भावकीतल्या तीनशे फुटांसाठी टेपच लागतो.

गेल्या पावसाळ्यात आण्णांना मी एक साधं पर्जन्यमापक नेऊन दिलं, प्लास्टिकचं, खांबाला लावायचं. मला वाटलं दोन दिवस लावतील. त्यांनी ते अंगणात उघड्यावर लावलं, आणि सकाळी साडेआठला फोन यायला लागला. "चौदा." नुसतं एवढंच, चौदा. कधी "काहीच नाही, नुसतं भुरभुर." हस्ताला एकदा "बासष्ट!" असं ओरडले की काकूने आतून विचारलं काय झालं. मग विहिरीच्या आतल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच पांढऱ्या रंगाने परसांच्या खुणा केल्या, आणि स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून खडूने तारीख आणि परस लिहितात, माझ्याच राहिलेल्या निळ्या खडूने. त्यावर मोटरचे तास पण असतात. बांधापलीकडचे चुलत चुलते यंदा अमावस्येला नारळ फोडायला आमच्या विहिरीवरून गेले तेव्हा पेटीचं दार उघडं होतं, आणि ते थांबून वाचत होते म्हणे. बोलले काही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने येऊन आण्णांना विचारलं, ते पावसाचं मापटं कुठं मिळतं.

मी हे ऐकून फार खूश झाले. डोक्यात लगेच दोन विहिरींचा एकत्र ताळेबंद वगैरे, एका उन्हाळ्यात पाळीपाळीने मोटर, मी तर ग्राफसुद्धा काढून ठेवला.

परवा रात्री आण्णांचा फोन. विहीर साडेतीन परसावर आली म्हणाले, मागच्या वर्षी ह्या तारखेला सव्वातीन होती, आपण पाव परस मागं आहोत. मी विचारलं मग आता वाटाण्याचं काय करायचं, तर म्हणाले ते बघू, आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, काकूला ऐकू जाऊ नये असा, "वरच्या वावरात एक बोअर घ्यावा म्हणतोय. पाणाड्याला गुरुवारी बोलवलाय. तू पण ये. आणि येताना तो तुझा टेप घेऊन ये."

गुरुवारी सुट्टी टाकलीय.